बसल्यावर उंच

पंगतीला बसलं की आमच्या घरात सगळ्यात उंच मी. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खांद्याला माझा खांदा लागायचा. माय माझ्या कानापर्यंतच यायची, आणि धाकटी सुमी शेजारी बसली तर वाढणाऱ्या परक्या बाईला वाटावं की ही आई आणि ही तिची लेक. मग जेवणं व्हायची, हात धुवायला सगळे उठायचे, मीही उठायचे आणि सगळा हिशेब उलटा व्हायचा. माझं डोकं सुमीच्या खांद्याच्याही खाली. माझी पाठ लांब आणि पाय आखूड, एवढीच गोष्ट. पायांत व्यंग म्हणावं असं काही नव्हतं. मी पळत होते, विहिरीवरून डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा घागरी आणत होते, बोरीच्या काट्यांतून वर चढून सुमीसाठी बोरं झाडत होते. देवानं वरचं कापड एका गजानं मोजलं आणि खालचं दुसऱ्याच गजानं. सदऱ्याला कापड पुरलं आणि विजारीला कमी पडलं, असं माय म्हणायची आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर हसून डोळे पुसायची.

आमच्या घरात मेंढरं होती ती आज्यापर्यंत. आज्या म्हणजे अण्णांचा बाप. जन्मभर कळपामागं हिंडलेला माणूस. कोकराचा भाव करताना तो पायांकडं बघतच नसे, पाठीवरून हळूहळू बोटं फिरवायचा. "लांब पाठीची मेंढी दुधाला आन् पिल्लाला बराबर ऱ्हाती," असं म्हणून तो माझ्याही पाठीवरून हात फिरवायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "आपल्या कळपातलं ह्येच सगळ्यात भारी हाय." मला त्याचा फार अभिमान वाटे. जगात निवड करणारे सगळे आज्यासारखेच असतील, असं मी धरून चालले होते. मी वयात यायच्या आत आज्या गेला. अण्णांनी मेंढरं विकली आणि वडीगोद्रीला हायवेच्या कडेला पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान टाकलं. घरात लोकरीचा वास यायचा तो गेला आणि वार्निशचा यायला लागला. तरी मायच्या चुलीचा वास कायम होता. येसराची आमटी, तव्यावर परतलेल्या मिरचीचा ठेचा, थंडीत धपाटे आणि त्यावर लोण्याचा गोळा. पंगतीत मी राणीसारखी बसायचे आणि शेवटपर्यंत उठायचे नाही. सगळे उठून गेल्यावर उठायची सवय मला तेव्हापासून लागली, ती आजही आहे. आमच्याकडं सुना सासूला आत्याबाई म्हणतात; त्या म्हणतात, आत्याबाई सावकाश जेवतात.

आमच्याकडं मुलगी बघायला येतात तेव्हा तिला आधी पाटावर बसवतात, नावगाव विचारतात, आणि मग चालायला लावतात. मुलाकडची एखादी बाई सहज उठल्यासारखी उठून तिच्या शेजारी उभी राहते आणि डोळ्यानं माप घेते. दोनदा असं माप होऊन नकार आल्यावर मुक्ताआत्यानं युक्ती काढली. आत्या अण्णांची थोरली बहीण, लग्नानंतर लवकरच विधवा होऊन आमच्याकडं आलेली. मिसरी लावलेल्या दातांनी ती हुकूम सोडायची आणि सगळं घर ते ऐकायचं. ती म्हणाली, "पाव्हणे याच्या आधीच हिला बसवून ठिवू. पोहे सुमी आणील. बसल्यावर पोरगी कशी दिसती बघा की!"

घनसावंगीकडचे पाहुणे आले तेव्हा मी अशी आधीच बसलेले होते. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, पाठ ताठ. मुलाची आई माझ्याकडं बघून लगेच खूश झाली. "पोरगी भरीव हाय," म्हणाली. स्वयंपाक काय काय येतो, शिक्षण किती, सगळं झालं. मुलगाही दोनदा बघून गालात हसला. साड्या कुठून घ्यायच्या इथपर्यंत बोलणं गेलं आणि दाराआड मायनं देवापुढं हात जोडलेले मला दिसले. एवढ्यात मुलाची मावशी म्हणाली, "जरा उभी राह्य बरं माय, चार पावलं चालून दाव." मी उठले. मावशीची नजर माझा चेहरा जिथं यायला हवा होता तिथं वर लागून राहिली होती. ती तशीच वाट बघत म्हणाली, "उभी राह्य की."

पोह्यांची थाळी घेऊन दारात आलेली सुमी म्हणाली, "उभीच हाय ती."

मुलगा हसला. वाईट हेतूनं नाही, हसू फुटलं ते त्याला आवरलं नाही. आज मला त्याचा राग येत नाही, पण चेहरा आठवतो. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, कळवतो म्हणाले आणि गेले. आमच्या वाट्याचे पोहे पातेल्यात तसेच राहिले आणि सकाळी मायनं ते म्हशीपुढं टाकले. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. मी उभं राहावं आणि समोरच्याला कळावं, ही उभी आहे.

अण्णांचा स्वभाव असा, की बिघडलेलं काहीही पान्यानं नीट होतं यावर त्यांचा विश्वास. मोटार, पंखा, चक्की, शेजाऱ्याची सायकल, सगळ्याला त्यांच्याकडं एकच औषध. एकदा दुकानापुढं एक ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला तर त्याच्या नडगीभोवती लोखंडी कड्या, कड्यांमधून उभ्या सळया आणि हाडातून आरपार गेलेल्या तारा. अपघातात त्याचं हाड चुरा झालं होतं, पाय आखूड झाला होता, तो मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरनं ओढून ओढून लांब केला होता. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि स्वतः उकिडवे बसून त्या कड्यांचे नट न्याहाळले. "कितीचा पाना लागतो?" त्यांनी विचारलं. "दहाचा," ड्रायव्हर म्हणाला. घरी आले ते थेट चुलीपाशी. मी भाकरी थापत होते. "मंदे," ते म्हणाले, "तुजे पाय वाढवता येत्यात." शेजारच्या गल्लीत नळ आल्याचं सांगावं तशा आवाजात. तव्यावरची भाकरी उलटायच्या आत मी हो म्हणाले. मला कुणीही बळजबरी केली नाही, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं लोकांनी अण्णांना फार बोल लावले. किती खर्च आला ते अण्णांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही ते उकरलं नाही.

डॉक्टर भला माणूस होता. पोलिओ आहे का, अपघात झाला का, पडली होती का, असं त्यानं विचारलं आणि प्रत्येक प्रश्नाला अण्णांनी मान हलवून नाही म्हटलं. "मग धडधाकट पाय कापायचे कशाला?" डॉक्टर म्हणाला. अण्णा हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरीचं लगीन जमून न्हाई राह्यलं." मग डॉक्टरनं माझ्याकडं वळून सगळं समजावलं. दोन्ही नडग्यांचं हाड मधोमध कापायचं, वर आणि खाली कड्या बसवायच्या, आणि रोज थोडं थोडं ताणायचं. हाडाला आपली फट भरायची घाई असते, ते नवीन हाडानं ती भरत जातं. आपण मात्र ती पुरती भरू द्यायची नाही, पुन्हा ताणायचं. "महिनोन्महिने लागतील. दुखेल," तो म्हणाला. मी म्हटलं, "दुखू द्या." तेव्हा मला दुखण्याची कल्पना होती ती दातदुखीएवढी.

दसऱ्याच्या पुढं ऑपरेशन झालं. पहिले काही दिवस दवाखान्यात काढून अण्णांनी मला जीपच्या मागच्या बाकावर झोपवून आणलं, पण घरी नाही. शेतातल्या आखाड्यावर. आखाडा म्हणजे आमच्याकडं शेतातलं राहायचं ठिकाण. एक दगडी खोली, पुढं म्हशीचा गोठा, एक मोठा लिंब. माझ्या सोबतीला मुक्ताआत्या तिथं राहिली. मुलीच्या पायाला लोखंड लावलंय हे गावात कळलं तर ती नीट झाली तरी तिला कोण करील, असा सगळ्यांचा विचार पडला आणि तो माझाही होता. मग मायनं गावात सांगितलं, मंदा मावशीकडं पुण्याला गेली, शिवणक्लास लावलाय. बाया रोज विचारायच्या आणि मायला रोज काहीतरी सांगावं लागायचं. आधी मंदाला काजं-बटणं येऊ लागली. मग ब्लाऊज. मग पंजाबी ड्रेस. संध्याकाळी भाकरी घेऊन आली की माय मला हे हसत सांगायची आणि मीही हसायचे. पण रात्र पडली की मला त्या पुण्यातल्या मंदाचा हेवा वाटायचा. तिला मैत्रिणी असतील. ती सकाळी उठून बसस्टॉपवर चालत जात असेल. माझ्या नावानं कुणीतरी चांगलं जगत होतं आणि मी इथं वाशांवरच्या पाली मोजत पडले होते.

अण्णा दिवसातून चार वेळा यायचे. त्यांच्या एम-एटी गाडीचा आवाज कालव्याच्या पुलावरून उतरला की माझ्या पोटऱ्या आपोआप आवळायच्या. ते साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, खिशातून दहाचा पाना काढायचे, त्याला स्पिरिट लावायचे आणि प्रत्येक नटाला पाव फेरा द्यायचे. नट फिरताना काहीच व्हायचं नाही. दुखायचं ते नंतर, ते गेल्यावर, कातडी आणि शिरा ताणायला लागल्या की. हाड मुकाट वाढतं, बोंब मारतं ते मांस. पायाच्या बोटांत मुंग्या यायच्या, टाचा वर ओढल्या जायच्या, म्हणून आत्या पावलांना पट्टे बांधून माझ्या हातात त्यांची टोकं ओढून धरायला द्यायची. वॉकर धरून रोज उभं राहायचं, चार पावलं टाकायची, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. तारांच्या भोकांशी पू होऊ नये म्हणून आत्या उकळलेल्या पाण्यानं एकेक भोक पुसायची आणि तोंडानं म्हशीला शिव्या द्यायची. माय माझ्यासाठी बोकडाच्या पायांचं सूप आणायची, डिंकाचे लाडू आणायची, खारकेची पूड दुधात घालायची. माळकरी असलेले अण्णा सुपाच्या भांड्याकडं पाठ करून नट फिरवायचे.

आणि जो येईल तो आधी पायांकडं बघायचा. माय, आत्या, अण्णा, चोरून येणारी सुमी, सगळे. दारातून आत पाऊल टाकलं की नजर खाली, कड्यांवर. "कितीक झालं आसन?" मग वर, माझ्या तोंडाकडं. कधी कधी ते वर बघायचं राहूनच जाई. माझा परकर आखूड पडायला लागला तेव्हा माय एवढी हरखली, की बसल्या जागी तिनं त्याची दुमड उसवली आणि खाली सोडली. मी तिच्या भांगाकडं बघत बसले होते. मला तिनं मान वर करावी असं फार वाटत होतं.

परवा सुमीच्या सुनेनं मला मोबाईलवर दाखवलं, आता परदेशात माणसं हौसेनं पाय वाढवून घेतात. बाहेर कड्या नाहीत, हाडाच्या आत सळई, आणि बटण दाबलं की ती आपोआप लांबते. कुणाच्या बापाला पाना घेऊन यावं लागत नाही. "आत्याबाई, तुम्ही किती वाढल्या होत्या?" तिनं विचारलं. मी सांगितलं, सुमीच्या खांद्याखाली होते, खांद्यापर्यंत आले. तिला वाटलं मी थट्टा करते. खरोखर तेवढीच वाढ झाली. थंडीत नडगी ठणकते तेव्हा मला त्या नव्या हाडाची जागा बोटानं दाखवता येते. माझं लग्न पुढं झालं, चांगलं झालं, पण त्याचा या वाढीशी काही संबंध नाही.

आखाड्यावरच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावलेली असायची. कापूस वेचायला बाया यायच्या, त्यांची लेकरं गोठ्यात खेळायची, त्यांना आत्या सांगायची की खोलीत फवारणीचं औषध आहे, दाराला हात लावू नका. मी आत बसून त्यांच्या गप्पा ऐकायचे. कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या सासूला दिसत नाही. एक बाई म्हणाली, "मंदी पुण्याला गेल्ती, आजून काई आली न्हाई बा." दुसरी म्हणाली, "आली तरी काय, उंची थोडीच शिवून आणती." सगळ्या हसल्या. चांगलं वाक्य होतं, मलाही हसू आलं, पण हसायची सोय नव्हती. त्या गेल्या की फक्त दूरची मोटार आणि म्हशीचं रवंथ. माणसाला माणसाचा आवाज लागतो हे मला तिथं कळलं. मी आत्याला नको असलेले प्रश्नही विचारायला लागले, तिनं रागानं का होईना बोलावं म्हणून.

दिवाळीत सुमीला स्थळ आलं. शहागडकडचे लोक, त्यांनी तिला एका लग्नात पाहिलं होतं. थोरली बाकी असताना धाकटीचं कसं करायचं, असं अण्णांनी म्हटलं तर ते म्हणाले, थोरली शिकती हाय ना पुण्याला, शिकू द्या. मार्गशीर्षातली तारीख धरली. सुमी मला सांगायला आली तेव्हा तिच्या नखांना लाल रंग होता आणि ती तो पदराखाली लपवत होती. "तू माझ्यामागं पाह्यजे, मंदे," ती म्हणाली. आमचं लहानपणीच ठरलेलं, की जिचं आधी होईल तिच्यामागं दुसरी करवली म्हणून उभी राहील, हातात करा, म्हणजे पाण्याचा तांब्या, धरून, मंगलाष्टकं संपेपर्यंत. मी अण्णांना विचारलं. म्हटलं, जीपमधून न्या, मागं कोपऱ्यात बसवा, लुगड्याखाली कड्या झाकतील. अण्णा बराच वेळ पान्यावरचं स्पिरिट पुसत राहिले. "पाव्हण्यांनी पाह्यलं तर? एका पोरीच्या पायाला लोखंड लावलं तर दुसरीच्यात बी काही आसन म्हणतीन. तिचं मोडायचं का?" जगाच्या हिशेबानं ते बरोबर होते. मी नाही म्हणाले, मोडायचं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी अण्णांनी घाईघाईनं नट फिरवले, आत्यानं माझ्यापाशी भाकरी, ठेचा आणि पाण्याची कळशी ठेवली, आणि दोघं गेली. घर सबंध मांडवात. मी पहिल्यांदाच तिथं अगदी एकटी होते. दुपारी कर्ण्यातून भटजींचा आवाज आला. वारा आखाड्याच्या दिशेनं होता, शब्द न् शब्द कळत होता. मी वॉकर धरून उठले, एका हातात तांब्या घेतला, आणि बंद दाराकडं तोंड करून उभी राहिले. सावधान म्हटलं की तिकडं अक्षता पडत असतील. सगळी मंगलाष्टकं होईपर्यंत मी तांब्या खाली ठेवला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते दुखण्याचं नव्हतं. बँड वाजला तेव्हा मी तांब्या ठेवला आणि तिथंच दाराला टेकून राहिले.

आता आमच्या शहाण्या माणसांनी काय केलं होतं ते सांगते. मला लपवायला त्यांनी आखाडा निवडला, लग्नाची सगळी तयारी केली, रुखवतातल्या चमच्यापर्यंत आठवण ठेवली. पण आमचा देव कुठं आहे ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. आमचा बिरोबा गावात देवळात नाही. तो आखाड्यापुढच्या लिंबाखाली आहे, शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे नुसता गोल दगड, आज्याच्याही आज्यानं मांडलेला. आणि नवरानवरीनं त्याच्या पाया पडल्याशिवाय आमच्यातली नवरी सासरी निघत नाही. रोज येताजाता हात जोडायचा देव, त्याच्याकडं लग्नात मुद्दाम जावं लागतं हे कुणाच्या मनातच आलं नाही. जेवणं झाल्यावर विहीणबाईच म्हणाल्या, "चला, बिरोबाला जाऊन येऊ आन् मंग निघू," आणि अण्णांच्या हातातला विडा खाली पडला, हे मला आत्यानं नंतर सांगितलं.

आत्या बांधावरून पळत आली. दाराच्या फटीला तोंड लावून धापा टाकत म्हणाली, "मंदे, येऊ लागलेत. सगळेच. हालू नको." कडी नीट लावलेली आहे ना ते तिनं ओढून पाहिलं. मला खाटेपर्यंत जायला हवं होतं, पण जाताना वॉकर फरशीला घासून आवाज झाला असता. मी होते तिथंच, दाराशी, उभी राहिले. हलगी आली, बाया आल्या, फटीतून मला सुमीची पिवळी साडी दिसली, मुंडावळ्या दिसल्या. ती लिंबाखाली वाकली, शेजारी तिचा नवरा वाकला, भंडारा उधळला गेला. विहीणबाई उन्हानं लाल झाल्या होत्या. "ह्या खोलीत काय हाय? जरा सावलीला बसते," त्या म्हणाल्या.

"काई न्हाई वो," अण्णा म्हणाले. "पेंडीची पोती हायेत."

मी त्यांचा आवाज ओळखते. थोडाही कापला नाही.

मग सुमी लिंबाखालून उठली आणि खोलीच्या दिशेनं आली. मला वाटलं ती कडी काढणार. मला तिनं ती काढावी असंही वाटलं आणि काढू नये असंही. ती दारापुढं गुडघ्यांवर बसली आणि उंबऱ्यावर कपाळ ठेवलं. तिच्या बांगड्या लाकडाला लागून वाजल्या. आमच्या दोघींत एका फळीचं अंतर होतं.

"अगं, दाराच्या कामून पाया पडतीस?" विहीणबाईंनी विचारलं.

सुमीनं डोकं वर केलं नाही. "आमच्यात पडत्यात," ती म्हणाली.

तिचा नवरा बिचारा गरीब माणूस. रीत म्हटल्यावर तो लगेच वाकला. मग विहीणबाई म्हणाल्या, "रीत हाय तर पडावंच लागंल," आणि त्याही वाकल्या. मग दीर, नणंदा, मावश्या, चुलत्या. ओळच लागली. सगळं शहागड एकेक करून त्या दाराशी टेकलं, कुणी भंडारा टाकला, तो दाराखालच्या फटीतून आत येऊन माझ्या पावलांवर पडला. पुढं विहीणबाईंना खरं कळलं तेव्हा त्या सुमीशी काही दिवस बोलल्या नाहीत आणि मग एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "पायाच पडलो, वाईट तर काही केलं न्हाई." त्या दिवशी मात्र त्यांनी अण्णांकडं पाहिलं, कारण यजमानच तेवढे मागं राहिले होते. "तुम्ही न्हाई पडत का, पाव्हणं?" अण्णा पुढं आले. ते वाकले आणि लवकर उठले नाहीत. फळीपलीकडून त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांना माहीत होतं मी कुठं उभी आहे.

पाठवणी करून ते ऊन उतरल्यावर आले. फेटा काढलेला, डोळे सुजलेले. त्यांनी दार मागं लोटलं, नेहमीप्रमाणं कोपरापर्यंत हात धुतले आणि पाना काढला. डॉक्टरनं सांगितलेल्या मापाला थोडंच राहिलं होतं. मी दोन्ही हात कड्यांवर ठेवले.

"अण्णा, त्यांनी इचारलं, आत काय हाय."

ते पान्याला स्पिरिट लावत राहिले.

"तुम्ही पेंड म्हणालात."

"मंग काय म्हणायला पाह्यजे व्हतं?"

"पोरगी हाय म्हणायचं."

"सुमीचं लगीन मोडलं आसतं, मंदे."

"मला ठावं हाय. आता झालं ना तिचं लगीन? गेली ना ती?" माझा आवाज चढला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "मंग आता दार उघडा. न्हाई तर ह्या नटाला हात लावू नका. मला कुणी पाह्यलंच न्हाई तर उंची घेऊन काय करू?"

अण्णांनी उकिडवं बसूनच पाना खाली ठेवला. मला वाटलं ते रागावले, उठून निघून जातील. मग ते उठले, दारापाशी गेले, दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत उघडल्या आणि वाऱ्यानं मिटू नयेत म्हणून गोठ्यातला एक दगड आणून लावला. संध्याकाळचं ऊन थेट माझ्या पायांवर आलं. कड्या चमकायला लागल्या. अण्णा परत येऊन बसले, मी हात काढले, आणि त्यांनी पहिला नट धरला. एवढ्यात कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन बाया पायवाटेनं निघाल्या होत्या, त्या दारापुढं थबकल्या.

"कोणंय वो आत, भाऊ?" पुढच्या बाईनं विचारलं.

अण्णांनी मान वर केली. आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"आमची थोरली हाय," ते म्हणाले.

"मंदी? आगं बया, पुण्याहून कवा आली?"

"पुण्याला गेलीच न्हवती," अण्णा म्हणाले. "हितंच व्हती."